वेणूबाईची चंद्रावरची भवानी

आगरदांड्याच्या वेणूबाईनं सगळा जन्म मासळी विकली, पण तिचं नाव झालं ते पाणी विकून, आणि तेही चंद्रावर. आपला चंद्र नव्हे, त्याच्याहून बराच लांबचा. मी तेव्हा तिच्याच ओटीवर चहा पीत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

तिची सून सुचिता कॉम्प्युटरवर अंतराळातला एक खेळ खेळते. त्यात जो तो आपलं यान घेऊन हिंडतो, एका ग्रहावर माल भरतो, दुसऱ्यावर विकतो. माल फार आला की भाव पडतो, आटला की चढतो. म्हणजे आपला मासळीबाजारच, फक्त वास नाही. सुचिताला मोठं यान घ्यायचं होतं. होतं नव्हतं ते घालून तिनं पाण्याच्या टाक्या भरल्या आणि एका कोरड्या चंद्राच्या धक्क्याला यान लावलं. माल पडेल भावात गेला असता, तर पुन्हा होडीएवढ्या यानापासून सुरुवात.

नेमकं त्याच दिवशी तिला दिघीला माहेरी जायचं होतं. तिनं सासूला पडद्यासमोर बसवलं. चाचे आले तर कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि मी येईपर्यंत काही विकू नका, असं बजावून ती फेरीबोटीवर गेली.

वेणूबाई पाटीमागं बसावं तशी पदर खोचून बसली. थोड्या वेळानं एक पोचे आलेलं चिमुकलं यान शेजारी लागलं. त्याला एकच टाकी हवी होती, आणि देत होता तो भाव तर टाकीच्या झाकणालाही पुरला नसता. खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. मी म्हटलं, नाही दाब. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भरली पाटी खाडीत ओत म्हटलं.

“भवानीचं गिऱ्हाईक हाय. दिवसाचं पयलं. त्याला रिकामं धाडू?”

तिनं ‘हो’ दाबलं. वर थोडं घालायचं बटण कुठं सापडेना, म्हणून उलट तीच खट्टू झाली.

आता त्या खेळात शेवटचा सौदा सगळ्यांच्या फळ्यावर झळकतो. पाणी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या यानांनी तो भाव बघितला, बाजार बसला असं समजून एकेकानं तोंड फिरवलं आणि दुसरा ग्रह गाठला.

सुचिता परतली ती फळा बघून खांद्यावरच्या पिशवीसकट खाली बसली. मग, आणखी पडायच्या आत मिळेल त्या भावात सगळं काढून टाकायला तिनं हात पुढं केला. वेणूबाईनं तिचं मनगट धरलं.

“थांब गो. बाजारात दुसरी कोण बसलीय काय?”

कोणीच नव्हतं. आणि चंद्राला तहान तर लागणारच. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत भाव इतका चढला, की आकडा फळ्यात मावेना. सुचितानं मोठं यान घेतलं आणि त्यावर सासूचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी ती लाडानं म्हणाली, “आई, आजपण पहिली टाकी स्वस्तात द्या ना.”

“भवानी मुद्दाम करतात काय?” वेणूबाई म्हणाली.

तेवढ्यात ते पोचे आलेलं यान पुन्हा शेजारी लागलं. पडद्यावर निरोप उमटला, सुचितानं वाचून दाखवला: कालच्या बाई आहेत का?

“हायेत म्हणावं,” वेणूबाई पुढं सरकली. “आणि तू आधी ते वर घालायचं बटण शोध.”