आवतण

केशोरावांनी फेकलेली बैल टोचायची तुतारी धाकट्या भावाच्या, यादोरावच्या, पायाशी शेणात टोक रुतवून उभी राहिली.

"उचल. लोकायच्या जोड्या निघून राहिल्या."

आज कामठ्याचा शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. तीन वर्षं यादोरावनेच जोडी हाकून पहिला नंबर आणला होता. शर्यतीची हलकी छकडी दारात तयार होती.

"मी छकडीवर बसत नाही, दादा."

"काऊन? लंगोट लावून पहेलवान झाला म्हनून? आखाड्यात तो बकाराम रोज आपटून राहिला तुले. सारं गाव हासते, अन् मी आयकत बसू?"

"तठी पडलो तं मीच पडतो."

आखाड्यातल्या मातीनं त्याचे खांदे सोलले होते. त्यांना लावायला हळद-तुपाची वाटी घेऊन आई, सुभद्राबाई, गोठ्याच्या दारात आली. सोमवारचा उपास, पूजा होईपर्यंत ती बोलत नसे. पण पोळ्याच्या आदल्या सांजेचं तिला आठवत होतं. खांदशेकणीला यादोराव जोडीतल्या एका बैलाच्या खांद्याला तूप लावून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायला गेला. हात उचलला, तसा बैल अंग चोरून भिंतीला भिडला. यादोरावने वाटी तिथेच ठेवली. पोळा झाला आणि तो आखाड्यात जाऊ लागला.

"राहू दे. मीच हाकतो." केशोरावांनी तुतारी उपसली.

यादोराव त्याच बैलापुढे उभा राहिला.

"हट."

तो हलला नाही. केशोरावांनी तुतारीची लोखंडी आर त्याच्या सोललेल्या खांद्यावर टेकवली, आणि दाबली. रक्ताचा बारीक ओघळ दंडावर उतरला.

"आता?"

"आता बैलावानी मलेबी आवतन दे, दादा."

"आवतन पाह्यजे तुले?" केशोराव हसले, पण आवाज फाटला. "ज्याचं आहे त्याले देतो!"

सुभद्राबाईनं पुढे होऊन वाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी रागानंच दोन बोटं तुपात बुडवली, धाकट्याला बाजूला लोटलं आणि हात बैलाच्या खांद्याकडे नेला.

बैल भिंतीला भिडला. त्याची कातडी खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत थरथरत राहिली.

बाहेरून शेजारच्या जागेश्वरनं हाक दिली, "दादा, जोडी काढता का?"

केशोरावांनी दुसऱ्या हातातली तुतारी हळूच खाली ठेवली आणि तुपाची बोटं पुन्हा पुढे केली.

बैल आला नाही.