अर्ध्या मिलिमीटरहून कमी

पट्टीच्या टोकाशी तिळाएवढा ठिपका, मध्ये काळवंडलेला, कडेला निळसर... वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला, इंजिनात ठिणगी पाडणारा तो जुना पॉइंट वसुमती बघत राहिली आणि हातातला चहा निवून गेला. एवढ्याशा जिवावर एकतीस वर्षं फियाट डहाणूभर फिरली. अर्थात हाच पॉइंट नव्हे, वर्षा-दीड वर्षाने नवा लागायचाच, पण त्यातली फट तीच – अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी. ती बरोबर असली की ठिणगी वेळेवर पडायची. केसाएवढी चुकली की बाईसाहेब रुसल्या.

"काकी, कटकट संपली आता," सरावलीचा मेकॅनिक उमेश बॉनेटमधून मान न काढता म्हणाला. "घासायचं नाय, फट लावायची नाय. ठिणगी कधी टाकायची ते मोबाइलवरून सांगायचं, बस."

"बरं झालं," ती म्हणाली.

चार दिवसांपूर्वी कुरिअरवाला खोकं देऊन गेला तेव्हापासून तिला धास्ती होती. साधी चहाची गाळणी घ्यायची तरी तिला विचारणारा नवरा, श्यामकांत, त्याने पॉइंटच्या जागी बसणारी ही इलेक्ट्रॉनिक वस्तू परस्पर मागवली – म्हणजे त्याला कळलं असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढलेला माणूस. समुद्राच्या खाऱ्या हवेने पॉइंट लवकर खराब होतात म्हणून दर रविवारी सकाळी झाकण उघडून ते घासणार, पातळ पट्टी घालून फट मोजणार, आणि शेजारी उभी राहून वसुमती बॅटरीचा झोत धरणार... नवराबायकोंनी देवळात जावं तसे ते दोघे बॉनेटपाशी जायचे. मागच्या वर्षी त्याचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, याने कागदाची घडी घालून कपाटात ठेवली, आणि पुढच्याच रविवारी पुन्हा बॉनेट उघडलं. स्क्रू आवळताना हात हलला, फट सरकली; झोतात तिला स्पष्ट दिसलं. पण तो "झालं" म्हणाला आणि इतक्या समाधानाने तिच्याकडे बघून हसला, की... नाही बोलवलं. कशी बोलणार होते मी?

दुपारी तो झोपल्यावर तिने झाकण उघडलं आणि फट लावली. तीस वर्षं झोत धरला होता, आंधळेपणाने थोडाच धरला होता! संध्याकाळी गाडी एका चावीत सुरू झाली. "बघितलंस? हात आहे अजून," तो म्हणाला. त्या एका वाक्यासाठी वर्षभर रविवारच्या दुपारी ती काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकून अंगणात उतरत राहिली. आपण त्याला फसवतोय असं कधी वाटलं नाही. त्याच्यावर जीव होता, बस.

आणि मग गेल्या महिन्यात स्वप्नाकडे तलासरीला जाताना, लेकीचं घर दोन किलोमीटरवर आलेलं असताना, गाडी बंद पडली. श्यामकांतने झाकण उघडलं. बराच वेळ बघितलं. "कंडेन्सर गेला," एवढंच म्हणाला, म्हणजे पॉइंटशेजारचा छोटा डबा... त्या बराच वेळ बघण्यात काय होतं? दुसऱ्याचा हात ओळखला का त्याने? स्वतःचा हात गेला हे त्याला असं, रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत कळलं असेल तर – तर ते माझ्यामुळे.

उमेश हत्यारं गोळा करून निघाला. "काका, आकडे तुम्ही टाका. गाडी तुमची, तिची नाडी तुम्हांला म्हायती."

दोघं पुढच्या सीटवर बसले. श्यामकांतचा अंगठा फोनच्या काचेवर भलतीकडेच पडत होता. दोनदा पडला, मग त्याने निमूटपणे फोन तिच्याकडे दिला. "तू टाक, मी सांगतो. इंजिनाच्या आठशे फेऱ्यांना ठिणगी दहा अंश."

तिने फोन लांब धरला, टाकलं.

"दोन हजारांना अठरा."

टाकलं.

"तेरा टाकलंस," फोनकडे एक नजर टाकून तो म्हणाला.

"अठराच आहेत, अहो!"

"तेरा आहेत, वसू." तो आता समोरच्या काचेतून चिकूच्या झाडाकडे बघत होता. "तलासरीला कंडेन्सर गेला नव्हता. फट मिटली होती."

तिने फोन मांडीवर ठेवला.

"वर्षभर छान लावलीस. माझ्यापेक्षा छान. रविवारी मी उघडायचो तेव्हा स्क्रू मी ठेवलेल्या जागी कधीच नसायचा." तो तिच्याकडे वळला. "दोन महिने झाले, चुकतेय तुझी. डोळे दाखवून घे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

म्हणजे हात गेल्याचं याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं... आणि तरी हा दर रविवारी अर्धा तास कापऱ्या हातांनी घासत बसायचा, "हात आहे अजून" म्हणायचा – कुणासाठी? दुपारी खरंच झोपायचा, की पडल्या पडल्या बॉनेटचा आवाज ऐकायचा? आणि हे खोकं त्याच्या हातांसाठी आलंच नव्हतं, माझ्या डोळ्यांसाठी... मांजराने डोळे मिटून दूध प्यावं तशी मी वर्षभर, आणि हा शेजारी वाटी धरून बसलेला! तिला राग आला, चांगलाच आला. पण कुणावर काढावा ते कळेना आणि तोवर तो ओसरूनही गेला.

तिने तेरा खोडून अठरा टाकलं. शाळेत पस्तीस वर्षं तिने लोकांच्या पोरांच्या वह्या तपासल्या होत्या, स्वतःची आकडेमोड कधी कुणापुढे धरली नव्हती. आता तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"बघा," ती म्हणाली, "बरोबर आहे का."

तो वाकून बघायला लागला. वाकताना त्याचा हलणारा हात तिच्या मनगटावर टेकला, आणि तो स्थिर करावा, काहीतरी करावं, असं या वेळी तिला वाटलं नाही. ती नुसती बसून राहिली – थोडी ओशाळलेली, थोडी घाबरलेली, आणि कुणी आपली चूक काढतंय याचं इतकं बरं वाटतंय म्हणून स्वतःवरच चकित झालेली.