रोज पुसून ठेवलेली डिस्क

ताईने काम बंद करायचं ठरवलं आणि मला ते अशा आवाजात सांगितलं, की वाटावं दूध नासलंय, ओतून टाकते.

"छोट्या, माझं डोकं गेलं रे. काल एक खांदा दुरुस्त केला, आज बघते तर जसाच्या तसा. परवा एक पाठ रुंद केली, ती पुन्हा अरुंद. मी करते म्हणते आणि करतच नाही, असं झालंय."

मी निवृत्त झालो, केस गेले, दोन दात गेले, पण ताईच्या लेखी मी छोट्याच.

तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशांसाठी ताई कपड्यांचे नमुने आखते. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या कमरेला पट्टा, कुणाचा हात अपघातानंतर सरळ होत नाही. त्यांची मापं घेऊन ती संगणकावर नमुना काढते, तो कागदावर छापते आणि शिवणारे त्यावरून कापड कापतात. तिने आखलेला कोट घातला की उतरलेला खांदा आरशालाही ओळखू येत नाही. एवढी वर्षं हे चाललं. आणि आता ती म्हणत होती, नवं गिऱ्हाईक घ्यायचं नाही.

तिला नेमकी कशाची धास्ती होती, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आमची आई शेवटी शेवटी आम्हा दोघांना शेजारी समजून चहा विचारायची.

"अहो, तिला जरा विश्रांती द्या," दाजी मला म्हणाले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीवर त्यांची उभी हयात गेली. घरातली कात्रीसुद्धा ते तेलपाणी केल्याशिवाय झोपू देत नाहीत. "माणूस दमतं. यंत्राचं बरं असतं, पुसून ठेवलं की दगा देत नाही."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याकडे कसं पाहायचं हे बाईला बरोबर कळलेलं असतं.

मी त्या दिवशी तिच्याजवळ मुद्दाम बसून राहिलो. उतरलेल्या खांद्याच्या गृहस्थांचा कोट होता. ताईने रेघ ओढली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली, चष्मा पुसला, शेवटी काम जतन केलं. संगणक मध्येच थिजायचा, मग दीर्घ उसासा टाकल्यासारखा पुढे सरकायचा. "हाही म्हातारा झाला," ताई म्हणाली. संध्याकाळी दाजींनी आपली ठरलेली साफसफाई लावली आणि ती संपल्यावर संगणक बंद केला.

सकाळी तो पहिल्या खेपेला सुरूच झाला नाही. दुसऱ्या खेपेला झाला. खांदा जुन्याच जागी होता.

"ताई, तू हा काल बदललास. माझ्या डोळ्यांदेखत."

ताईचा चेहरा आणखी पडला. "म्हणजे तुलाही लागलं का रे? आपल्या घराण्यातच आहे."

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला. त्या आल्या त्या सर्दी घेऊनच. खुर्चीत बसल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बंद करू नका. कुणीही, काहीही बंद करू नका. पुढच्या वेळी हा उघडेल याची हमी मी देत नाही."

आधी त्यांनी सगळे नमुने दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावले आणि ते चालू असताना कपाळ चोळत आम्हाला सांगितलं.

"तुमची डिस्क एसएसडी आहे. हिच्यात फिरणारी तबकडी नाही, सुई नाही. बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवते, तीच हिची आठवण. एखादा कप्पा पुसून पुन्हा भरला की दरवेळी त्याची भिंत थोडी झिजते. वाचायला तसा त्रास नाही, लिहिण्याने झिजते. हिला स्वतःलाही ते ठाऊक असतं, म्हणून ती काम सगळ्या कप्प्यांत वाटून देते. पण सगळेच झिजले तर काय करेल? मग काही डिस्क लिहिणं थांबवतात. ही त्यातली. तुम्ही जतन करता, ही हो म्हणते, आणि बंद करून चालू केलं की जुनंच दाखवते."

"हो म्हणते आणि करत नाही," ताई हळूच म्हणाली.

"तेच. खडखड नाही, घरघर नाही. जुन्या डिस्क मरताना निदान ओरडायच्या. ही नुसती थिजते, उघडायला कुरकुरते, एखादी फाइल देत नाही." बाईंनी डिस्कची तब्येत दाखवणारा आकडा उघडला. शून्य होतं. त्यांनी भुवया चढवल्या. "पण एवढ्या नमुन्यांनी ही झिजायची नाही हो. रोज डिस्कभर लिहितं कोण?"

"मी देखभाल ठेवतो," दाजी पुढे झाले. अगदी पदक घ्यायला पुढे व्हावं तसे. "एक प्रोग्रॅम आहे, रिकामी जागा पुसून काढणारा. रोज संध्याकाळी. कामाची जागा स्वच्छ हवी."

"तो रिकाम्या जागेवर काठोकाठ कचरा लिहितो, मग पुन्हा मोकळी करतो. रोज. याला पुसणं म्हणत नाहीत काका, खरवडणं म्हणतात."

दाजी हळूच खाली बसले. गिरणीतल्या एकाही यंत्राने त्यांना असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

ताई मात्र माझ्याकडे बघत होती. "छोट्या, म्हणजे खांदा मी केला होता."

"केला होतास."

"पाठही?"

"पाठही."

ती रडेल असं वाटलं. तेवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती नुसती पाठ टेकून बसली, ओझं उतरवलेल्या हमालासारखी. मग म्हणाली, "अहो, ऐकलंत का? मला वेड लागायच्या बेताला आणलंत, तेही साफसफाई करून."

"मला काय माहीत," दाजी पुटपुटले. "तेल घालता येत नव्हतं, म्हणून पुसलं."

जुने नमुने बहुतेक सगळे उतरले, चारदोन फाइली काही केल्या आल्या नाहीत. पण गेल्या काही आठवड्यांतल्या दुरुस्त्या कुठेच नव्हत्या. त्या लिहिल्याच गेल्या नव्हत्या, बाईंनी नाक शिंकरत सांगितलं आणि सर्दी आमच्यात वाटून त्या गेल्या.

नवी डिस्क बसल्यावर ताई डोळे मिटून बसली आणि एकेक दुरुस्ती सांगू लागली. कुणाची पाठ किती, कुणाची बगल कुठे सैल. दाजींना तिने टंकायला बसवलं होतं. एका बोटाने ते सगळं भरत होते आणि दर ओळीनंतर भीत भीत विचारत होते, "जतन करू ना? याने झिजणार नाही ना?"

"करा हो. झिजू दे थोडी."

उतरलेल्या खांद्याचे गृहस्थ कोट घालून बघायला आले, तेव्हा मी तिथेच होतो. खांदा बसला. असा बसला की त्यांनी आरशासमोर उगाच दोन्ही हात वर केले. तेव्हा दिसलं, उजवी बाही बोटभर लांब होती.

"ही चूक माझी हं," ताई टाचण्या तोंडात धरून म्हणाली. आवाज इतका खूश, की गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही म्हणाला होतात आखूड हवी. दारात उभे होतात, छत्री मिटत होतात. मला चांगलं आठवतंय. मीच ऐकलं नाही."