सनरूममधली रिळं

कुणाच्या तरी घरातलं जुनं सामान विकायला काढलेल्या एका इस्टेट सेलमधून चारुदत्तांनी गंजके पत्र्याचे डबे उचलून आणले, तेव्हा रेखाताईंनी कपाळाला हात लावला.

"आधीच घरात अडगळ काय कमी आहे?"

"अगं, हॉलिवूडच्या ऐन भरातला सिनेमा आहे. जगात कदाचित एवढीच प्रत उरली असेल."

नोव्हाय गावातल्या त्यांच्या घरात, गार बेसमेंटमध्ये डबे पडून होते. पण एकाचं झाकण उघडलं आणि चारुदत्तांना काही ठीक वाटेना. रिळावर मधासारखा चिकटा, कडेला तपकिरी भुकटी आणि घामट मोज्यांसारखा वास. त्यांनी जुन्या फिल्म जतन करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "त्या काळची फिल्म सडत आली की तिला काडी लावावी लागत नाही. नुसत्या उन्हानंही पेटू शकते. डबे गार जागी आहेत ना? हात लावू नका. आधी फायर डिपार्टमेंटला बोलवा."

चारुदत्त खाली गेले. डबे ठेवलेली फळी रिकामी होती.

"रेखा, डबे कुठायत?"

"सनरूममध्ये," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "दमट झालं होतं हो सगळं. जुन्या साडीवर पसरून ऊन दाखवतेय, पापडांसारखं. मांजर फिरकू नये म्हणून इलाला बसवलंय राखणीला."

"गॅस बंद कर आणि बाहेर पड. आत्ता! नाइन-वन-वन लाव!"

जुलैचं ऊन चहूकडच्या काचांतून आत ओतत होतं. साडीवर काळ्या वेटोळ्यांचे ढीग पसरले होते आणि त्यांच्या मधोमध त्यांची सात वर्षांची नात एक पट्टी उजेडाकडे धरून बघत होती.

"आजोबा, लुक! ही लेडी रडतेय. शी, किती स्टिकी आहे!"

पट्टी तिच्या फ्रॉकला चिकटली होती. दुसरं टोक ढिगात होतं आणि त्या ढिगातून आता बारीक पिवळसर धूर निघत होता. ती घाबरून पळाली असती, तर सगळं वेटोळं तिच्यामागे ओढलं गेलं असतं.

चारुदत्तांनी तिला गणित शिकवतानाचाच शांत आवाज काढला. "इला, स्टॅच्यू!"

ती जागच्या जागी थिजली. हा खेळ त्यांनीच शिकवला होता. समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

ते वेटोळी चुकवत गेले. पट्टीवरच्या इवल्याशा चौकटीत तो चेहरा होता. डोळे भरलेले, ओठ किंचित उघडे. त्यांनी पट्टी दोन्ही हातांत धरून त्या चेहऱ्यातूनच फाडली, इलाला उचललं आणि दाराबाहेर धावले.

मागे काहीतरी शिट्टीसारखं वाजलं. मग भप्पकन काचा नारिंगी झाल्या.

लॉनच्या टोकाला पोहोचून त्यांनी फ्रॉकला चिकटलेला तुकडा ओरबाडून लांब फेकला. रेखाताई फोनवर घराचा पत्ता सांगत होत्या. इला अजून ताठच उभी होती. पापणीसुद्धा न लववता ती आजोबांकडे बघत होती. 'ओव्हर' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.