दोन बारीक चौकटींचा फरक

हो, मीच बोलतोय. इकडे बघा, खिळ्यावर! करवतीच्या शेजारी लटकलेला लोखंडी गुण्या. काटकोन तपासायला सुतार मला वापरतात. माझ्या दोन भुजा एकमेकींशी नव्वद अंशांत, आणि ह्या गोष्टीचा मला कोण माज होता म्हणून सांगू!

मला ह्या घरातल्या आजोबांनी घेतलं. दुकानात त्यांनी माझ्यासारखे अकरा नग तपासले. फळीला टेकवून रेघ मारायची, मग उलटं करून त्याच जागी पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर माल खरा. दहा जण नापास झाले, मी पास. आजोबा गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या हाती आलो.

हा मुलगा म्हणजे आमचा सुतार. हातात कसब, तोंडाची टकळी अखंड चालू. नवीन हत्यार घेताना तोही अशीच उलटसुलट परीक्षा घेतो. माझी मात्र कधीच नाही. "बापाच्या वस्तूची कसली परीक्षा घ्यायची?" म्हणतो. मी फुलून जायचो, पण मनात धाकधूकही असायची. कारण पंधरा वर्षांपूर्वी मी टेबलावरून फरशीवर कोपऱ्यावरच आपटलो होतो, आणि तेव्हापासून अंग आखडल्यासारखं झालं होतं. आता तुमच्याशी बोलतोय ते ठीक, पण त्याला माझं कुठे ऐकू येतं!

दाराची फट वाकडी दिसली की सुतार म्हणायचा, "भिंतच वाकडी आहे हो! ह्या गवंड्यांना कुणी काही बोलत नाही." मग रंधा मारून दार बसवून द्यायचा. माझ्यापायी किती गवंड्यांनी फुकटची बोलणी खाल्ली, देव जाणे.

मग वाचनालयाचं काम आलं. वीस कपाटं, चाळीस दारं, सगळी आधीच कापून ठेवायची. पहिल्या कपाटाला दारं लावली, तर वर एकमेकांना घासतात आणि खाली बोट जाईल एवढी फट. दुसऱ्यालाही तेच. वाचनालयाच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शनिवारपर्यंत दारं नीट लागली तर ठीक, नाहीतर मी दुसरा सुतार बघते." भिंतीला बोल लावायचीही सोय नव्हती, कपाटं खोलीच्या मधोमध उभी होती!

सुतार परत येऊन स्टुलावर बसला. "माझा हातच गेला बहुतेक," एवढंच म्हणाला. टकळी बंद. मला रडूच कोसळलं असतं, पण लोखंडाला पाणी मानवत नाही.

त्याची मुलगी तिथेच फळ्यांच्या ढिगावर भूमितीचा अभ्यास करत बसली होती. तिला सगळे टिकटिक म्हणतात, कारण तिचे प्रश्न एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. तिने उठून मला खिळ्यावरून काढलं.

"बाबा, हा गुण्याच चुकत असेल तर?"

"आजोबांचा आहे तो. उगाच काहीतरी बोलू नकोस."

"बोलत नाहीये. मोजतेय."

तिने आलेखाचे दोन कागद जोडून चिकटवले. आधी मला सरळ आडव्या-उभ्या रेषांवर ठेवलं, आणि जीभ चावली. "अगं बाई, उभ्या रेषेचा चढ काढताच येत नाही!" मग मला तिरकं ठेवून दोन्ही भुजांच्या कडेने रेघा ओढल्या.

"चढ म्हणजे आडवं जाताना रेघ किती वर चढली, ते. ही वीस सेंटिमीटर आडवी गेली, दहा वर. म्हणजे चढ एक छेद दोन. दुसरी हिला लंब असेल, तर दोघींच्या चढांचा गुणाकार बरोबर उणे एक यायला हवा. म्हणजे दुसरीचा चढ उणे दोन. वीस वर जाताना ती डावीकडे दहा सरकायला हवी."

"मग?"

"नऊ पूर्णांक आठ दशांशच सरकलीय. गुणाकार उणे एक पूर्णांक शून्य दोन!"

दोन बारीक चौकटींचा फरक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  सुताराने फळी ओढली, माझ्या कडेने रेघ मारली, मला उलटं केलं, पुन्हा मारली. वर जाता जाता रेघा फाकल्या.

संपलं, आता भंगार, मी मनाशी म्हटलं. तर हा बाबा हसायलाच लागला! हसता हसता डोळे पुसायला लागला.

"अहो बाबा, काय झालं?"

"तू झालीस ना, तेव्हा दवाखान्यातून निरोप आला. हातातलं टाकून मी पळत सुटलो. मागे हा ठण्णकन पडला. आवाज ऐकला होता मी, पण वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि नंतर तपासायचा धीर झाला नाही गं. बापाची वस्तू आपण बिघडवली, हे कळलं असतं ना."

"म्हणजे माझ्यामुळे वाकडा झाला?"

"तुझ्यामुळे झाला आणि तूच पकडलास. झाली फिटंफाट."

त्याने मला ऐरणीवर ठेवलं, तिथलं लोखंड पसरून भुजा जरा फाकाव्यात म्हणून आतल्या कोपऱ्याजवळ टोकदार पंच धरला आणि हातोडीचा एक ठोका दिला. कळ मस्तकात गेली. टिकटिकने मोजलं. "उणे एक पूर्णांक शून्य एक. अजून एक, पण हळू!" दुसरा ठोका. पुन्हा कागद, पुन्हा रेघा, आणि मग ती एवढ्यांदा ओरडली, "उणे एक!", की शेजारचा लोहार धावत आला.

कपाटांच्या चौकटी आणि दारं पुन्हा आखून घेतली, रंध्याने साफ केली. शनिवारी बाईंनी चाळीसही दारं स्वतः उघडून लावून बघितली. मग म्हणाल्या, "माझ्या घरचं एक दार चिकटतं. कधी येता?"

"येतो की," सुतार म्हणाला, "भिंत वाकडी असली तरी येतो." सवय जाते थोडीच!

आता माझ्या कोपऱ्याजवळ पंचाचे दोन खड्डे आहेत. दर महिन्याला टिकटिक मला आलेखावर ठेवते, आणि मी मुकाट्याने पडून राहतो. तपासत जा हो आम्हा जुन्या मंडळींना, आम्हाला राग येत नाही.

आणि त्या पडण्याचं म्हणाल, तर माझी काही तक्रार नाही. पोरगी झाल्याचा निरोप ऐकूनही तो मला आधी नीट खिळ्याला अडकवून मग निघाला असता ना, तर मात्र मी त्याला कधी माफ केलं नसतं.