आजोबांना ऐकू कमी यायचं

खेमच्या भुवयांवाचून एका अख्ख्या सिनेमाचं घोडं अडलं होतं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण मुन नदीवरच्या त्या गावात तेव्हा कुणाला हसू सुचत नव्हतं.

सिरिनताई बँकॉकहून आठ माणसं आणि भाड्याचा कॅमेरा घेऊन आली होती. सिनेमा दोन पोरांचा. शाळेचं शेवटचं वर्ष, एकमेकांवर जीव जडतो, आणि एकाला गाव सोडून जावं लागतं. नावाजलेले नट कुठले परवडायला? म्हणून जाणारा पोरगा करायला तिनं गावच्या शाळेतून सतरा वर्षांचा खेम उचलला, आणि मागे राहणारा करायला उबोन शहरातून थीप, तोही तेवढाच. पहिल्या आठवड्यात एकमेकांचा हात धरायचा म्हटलं की दोघं असे लाजायचे की सगळे वैतागून गेले. तिसऱ्या आठवड्यात ताई ‘कट’ म्हणायची आणि हात सुटायचेच नाहीत. ताईच्या ते ध्यानात आलं होतं, पण ती काही बोलली नाही. शहाणी बाई.

आजोबांनी मात्र विचारलं होतं. खेमला लहानाचं मोठं त्यांनीच केलं. आई तिकडे रयोंगच्या कारखान्यात, आणि बापाचा पत्ता कुणालाच नाही. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं तेव्हा कुठे शब्द आत जायचा. “सिनेमात आहे तरी काय रे?” त्यांनी विचारलं. खेम ओरडला, “दोन मित्रांची गोष्ट आहे, आजोबा.” म्हाताऱ्यानं हातातल्या जाळ्यावरून मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग “मित्र चांगला असावा,” एवढंच म्हणून पुन्हा जाळं विणायला लागला. खेमला वाटलं, आज नको, सिनेमा संपला की नीट सांगू. माणसाला नेहमी वाटतं की वेळ आहे. सोमवारी पहाटे म्हातारा झोपेतच गेला.

दहन गुरुवारी ठरलं. त्या दिवशी नातवानं डोक्याचे केस आणि भुवया उतरवून भिक्खूचं चीवर एका दिवसापुरतं अंगावर घ्यायचं. त्या चीवराचा काठ धरून गेलेला माणूस वर जातो. नातू दोनच होते, खेम आणि मामाचा नऊ वर्षांचा तुन. आणि इकडे सिनेमाचा शेवटचा प्रसंग, नदीवरचा निरोप, शुक्रवारी करायचा होता. शनिवारी कॅमेरा परत जाणार. भुवया काय, उगवायला महिना तरी घेतात.

खाम्पन मामानं परस्पर सांगून टाकलं की चीवर तुन घेईल, खेमला त्याचा सिनेमा आहे. मामा विहाराच्या समितीवरचा माणूस. सिनेमात काय चाललंय ते गावानं त्याच्या कानावर केव्हाच घातलं होतं. खेम म्हणाला, मोठा नातू मी आहे, मीच बसणार. तेव्हा मामानं भर अंगणात, चार माणसांदेखत त्याला ऐकवलं.

“तुझा काठ धरून माझा बाप कुठवर जाणार रे? अर्ध्या वाटेत सुटायचा हातातून.”

दहनासाठी रयोंगहून आलेली आई तिथेच उभी होती, पण भावापुढे तिनं जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. खेमच्या काळजाला घरं पडली. मामा टाकून बोलला याचं त्याला एवढं वाटलं नाही. त्याला भीती वाटली की मामाचं खरं असलं तर? शेवटी आपण म्हाताऱ्याशी खोटंच बोललो. खोट्या माणसाचा काठ धरून कोण कुठे पोचलंय?

बुधवारी संध्याकाळी त्यानं सिरिनताईला सांगितलं की मी भुवया उतरवणार. ताई पायरीवर डोकं धरून बसली. सहा आठवड्यांची मेहनत आहे, ती म्हणाली, आणि ती एकट्या तुझी नाही, थीपचीही आहे. थीप शेजारीच होता. तो म्हणाला, “ताई, जाणारा दाखवायलाच कशाला हवा? तो गेला की गेला. मी एकटा उभा राहतो नदीवर.” ताईनं नाक पुसलं आणि बघू म्हणाली. राहता राहिला मामा. घरातला वडीलधारा म्हणून केसांची पहिली बट त्यानं कापायची, नाहीतर विधीला सुरुवातच नाही. तो हो म्हणेना, नाही म्हणेना.

गुरुवारी सकाळी खेम नेहमीसारखा ताट घेऊन शवपेटीपाशी गेला. चिकट भात, भाजलेला मासा, मिरचीची चटणी. पेटीवर तीनदा टकटक केलं आणि म्हणाला, “आजोबा, जेवायला या.” चार दिवस तो हेच करत होता. आज मात्र तो उठला नाही. डाव्या कानाच्या बाजूला सरकला, लाकडाला तोंड लावलं आणि पुटपुटला, “आजोबा, मी खोटं बोललो. ती दोन मित्रांची गोष्ट नाहीये.”

मागे कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर मामा, हातात कात्री घेऊन उभा. खेमची पाचावर धारण बसली.

“त्यांना ऐकू कमी यायचं,” मामा म्हणाला. “मोठ्यानं सांग.”

मंडपात बायका भाताच्या टोपल्या भरत होत्या, पुरुष सोंगट्या खेळत होते, थीप पाण्याची बादली घेऊन येत होता. मामा शिक्षा करतोय की आणखी काही, ते त्याच्या तोंडावरून कळेना. पण म्हातारा दुपारी जाणार होता. खेमनं डोळे मिटले.

“आजोबा, माझा थीपवर जीव आहे. सिनेमातला नाही. खरा.”

सोंगट्या थांबल्या. बायकांचे हात थांबले. थीप बादली खाली ठेवायचंही विसरला. आई रडत नव्हती की काही नाही, नुसती लेकाकडे बघत होती.

मामा पेटीशी उकिडवा बसला आणि स्वतःच्या बोटांनी तीनदा टकटक केलं.

“ऐकलंत ना, बाबा?” तो ओरडून म्हणाला. “आता घट्ट धरा काठ.”

तो उठला आणि कुणाकडेही न बघता केस उतरवायला मांडलेल्या बाकाकडे चालू लागला. खेम जाऊन बाकावर बसला. केस झेलायला आई कमळाचं पान धरून समोर उभी राहिली, पण तिचे हात इतके कापत होते की पान हलत होतं.

“तू बस जरा,” मामा बहिणीला म्हणाला. मग थीपकडे न बघताच त्यानं हाक मारली. “ए पोरा, ती बादली ठेव आणि पान धर. नीट धर, काही खाली पडता कामा नये.”

थीपनं ओले हात शर्टाला पुसले आणि पान दोन्ही हातांनी धरलं. मामानं पहिली बट कापली. मग आईनं, मग शेजाऱ्यांनी. शेवटी भिक्खूंनी वस्तरा घेतला, आणि खेमच्या भुवया थीपच्या हातातल्या पानावर पडल्या.