वळणावरचा दोर

इब्रामपूरच्या सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर, दर उन्हाळ्यात मोटारसायकलींची शर्यत होते, आणि पांडुरंगने रवळनाथाला गाऱ्हाणं घालून नारळ फोडल्याशिवाय एकही गाडी हलत नाही. गेल्या वर्षीही त्याने खणखणीत आवाजात देवाला विनवलं होतं, कुणाच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस. लोक ‘होय म्हाराजा’ म्हणाले होते. मग वळणावर घसरलेली एक गाडी दोर तोडून गर्दीत घुसली, आणि पांडुरंगचा मुलगा प्रशांत जागच्या जागी गेला.

त्यानंतर पांडुरंग देवळाची पायरी चढला नाही. घरात बायको सुलोचना देवापुढे दिवा लावायची, हा पाठ फिरवून बसायचा.

यंदा शर्यत कमिटीचा अध्यक्ष शंभू गाऱ्हाण्यासाठी बोलवायला दारात आला, तेव्हा पांडुरंगने एकच अट घातली.

“वळणारचो दोर काजूंच्या झाडांपर्यंत मागे घे. फुडे टायर रच. मगे गाऱ्हाणा घालतंय.”

“करूया काका, तुमी काळजी करू नकात!” शंभूकडे बोलाची कढी नेहमीच उकळत असते.

शर्यतीच्या सकाळी दोर होता तिथेच होता. टायर एका कोपऱ्यात ढीग करून टाकलेले.

“लांबसून दिसाचा नाय, काका, लोकांची मजा जाता,” शंभू कानाशी लागला. “आणि देवाच्या मनात आसला तां कोण चुकवतलो?”

पांडुरंगचं टाळकं फिरलं. दोर यांनी बांधायचा आणि बिल देवाच्या नावावर फाडायचं! पण तो ओरडला नाही. वहाणा काढून, नारळ हातात घेऊन उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे उभी आसत रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“वळणारचो दोर मागे गेल्याबगर हंयसून एकय गाडी सुटाची नाय, असो शब्द ही तुका देतत रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सवयीने शेकडो तोंडांतून होकार गेला, आणि आपण काय बोललो ते मग कळलं. पांडुरंग नारळ न फोडताच दगडावर बसला. इथला माणूस सरकारला टोपी घालील, सोयऱ्यालाही घालील. पण गाऱ्हाण्यातला होकार मोडायची छाती कुणाची नाही. शंभूने इकडेतिकडे पाहिलं, एकही नजर त्याच्या बाजूची नव्हती. शेवटी भजीवाली वत्सला पुढे झाली आणि तिने दोराची पहिली गाठ सोडली. मग माणसं टायर वाहू लागली. नारळ फुटेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं.

शर्यत रंगात आली असताना त्याच वळणावर एक गाडी घसरली. दोराची जुनी जागा ओलांडून ती सरळ टायरांवर आदळली. स्वार धूळ झटकत उठला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पांडुरंगचे हात उठले नाहीत. प्रशांत उभा होता त्या रिकाम्या जागेकडे तो बघत राहिला. त्याचे डोळे वाहू लागले.

“ह्या गाऱ्हाणा गेल्या वर्सा घालूक व्हया होता रे म्हाराजा,” तो पुटपुटला.

शेजारी उभ्या सुलोचनाने तोंडाचा पदर बाजूला केला.

“होय म्हाराजा,” ती म्हणाली.